गरम हवेच्या पॉपरमधले पॉपकॉर्न: दाणे का उडतात, गणंग का उरतात, मीठ का चिकटत नाही

मोजूनमापून

गरम हवेवर मक्याच्या लाह्या फोडणारा पॉपर घेतला की पहिल्या चार-पाच घाण्यांतच तीन तक्रारी हमखास येतात. कच्चे दाणे तोंडातून उडून बाहेर पडतात. भांड्यात गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, उरतात. आणि मीठ लाह्यांना न चिकटता तळाशी जाऊन बसतं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींवर उपाय आहेत, म्हणून हा धागा.

आधी यंत्र समजून घेऊ. खाली पंखा, त्याच्या वर तापणारी कॉइल, आणि तिच्या वर अ‍ॅल्युमिनियमचं उभट पेल्यासारखं भांडं. बऱ्याच पॉपरमध्ये या भांड्याच्या बुडाशी कडेला तिरक्या खाचा असतात. गरम हवा त्यातून तिरकी आत शिरते, त्यामुळे दाणे ढवळावे न लागता गोल फिरत राहतात. दाणा फुटला की त्याचं वजन किंचित कमी होतं, पण आकार ३५ ते ४० पट वाढतो. जड आणि लहान दाण्याला जी हवा नुसतं फिरवते, तीच हवा फुललेल्या लाहीला उचलून वरच्या तोंडातून बाहेर काढते. न फुटलेलं खाली, फुटलेलं वर, ही निवड हवाच करते. हे तत्त्व लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात.

कृती:

१. दाणे मोजून घ्या. झाकणावर जी छोटी वाटी असते तीच बहुधा माप असते. १२०० वॅटच्या लहान पॉपरला साधारण ६० ग्रॅम, मोठ्या भांड्याच्या पॉपरला १०० ग्रॅमपर्यंत. सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं माप अंतिम.

२. झाकण नीट बसवा. ते तिरकं बसलं तर फटीतून हवा जाते आणि लाह्या तोंडाकडे न जाता आतच अडकून करपतात.

३. तोंडाखाली मोठं भांडं ठेवा. ६० ग्रॅमच्या दोन ते सव्वादोन लिटर लाह्या होतात, तेव्हा भांडं निदान ४ लिटरचं हवं.

४. चालू करा. पहिली लाही एक ते दीड मिनिटात फुटते, त्यानंतर मिनिटभर धडाका असतो.

५. दोन आवाजांमध्ये २-३ सेकंदांचा खंड पडू लागला की बंद करा. शेवटच्या पाच-सात दाण्यांसाठी अजून मिनिटभर चालू ठेवलं तर आत राहिलेल्या लाह्या करपतात, आणि तो वास पुढच्या घाण्यालाही लागतो.

६. पुढच्या घाण्याआधी १०-१५ मिनिटं थांबा.

भांड्यात तेल, लोणी, मीठ, साखर, मसाला यातलं काहीही घालायचं नाही. खाचांमधून ते खाली कॉइलवर जातं, जळतं, धूर होतो आणि पॉपर कायमचा वाया जाऊ शकतो. चव द्यायची ती बाहेर, लाह्या तयार झाल्यावर.

कुरकुरीत

चांगला धागा. दोन नेमके प्रश्न विचारतो.

मापाने ६० ग्रॅम टाकले तरी पहिल्या मिनिटात १५-२० कच्चे दाणे बाहेर येतात. आणि घाणा संपल्यावर आणखी तितकेच आत उरतात. पाकीट उघडून तीन-चार महिने झालेत, तोंड क्लिपने बंद असतं. दोष यंत्राचा की दाण्यांचा?

तिरकीखाच

@कुरकुरीत, उडणारे दाणे आणि उरणारे दाणे हे दोन वेगळे आजार आहेत. मी उडणाऱ्यांबद्दल लिहितो.

झाकणातून नीट बघा. पहिली वीस-तीस सेकंद दाणे भिंतीला घासत एका लयीत फिरतात, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मग रंग थोडा गडद होतो. एखादा दाणा फुटतो आणि फुटताना शेजारच्या पाच-सहा दाण्यांना धक्का मारतो. ते उसळून हवेच्या मधल्या झोतात सापडले की थेट तोंडातून बाहेर. म्हणजे बहुतेक कच्चे दाणे नुसत्या पंख्याच्या जोराने उडत नाहीत, पहिल्या लाह्या त्यांना फेकतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सुरुवातीला पॉपर मागे कलता धरणं. दोन्ही हातांनी खालचा भाग धरून पंधरा-वीस अंश मागे झुकवा, म्हणजे तोंड वरच्या बाजूला होईल. मधूनमधून हलकासा हेलकावा द्या. धडाका सुरू झाला की सरळ ठेवा, कारण तेव्हा वर इतक्या लाह्या असतात की त्यांचंच झाकण होतं आणि कच्चा दाणा त्यातून वर येऊ शकत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा: झाकणाला धरू नका, ते तापलेलं असतं, आणि बुडाला किंवा पाठीला हवा आत घेणारी जी जाळी असते ती हाताने झाकू नका. ती झाकली की हवा कमी, कॉइल जास्त तापते आणि सुरक्षेचा कटआउट यंत्र बंद करतो.

दुसरं कारण कमी माल. "थोडेच हवेत" म्हणून ३० ग्रॅम टाकले तर थर इतका पातळ होतो की हवा त्याला सहज उधळते. उलट माप ओलांडलं तर दाणे फिरतच नाहीत, खालचे करपतात आणि वरचे तसेच राहतात. झाकणातून दाणे फिरताना दिसले पाहिजेत. फिरत नसतील तर लगेच बंद करून थोडे काढा. (गार झाल्यावर!)

तिसरं, चुरा. पाकिटाच्या तळाशी तुटके दाणे आणि बारीक कण असतात. तुटका दाणा फुटतच नाही, कारण साल अखंड नसेल तर आत वाफ कोंडणार कुठे? टाकण्याआधी एकदा चाळून घ्या.

चौथं, दाण्याचा आकार. पॉपकॉर्नच्या व्यापारात १० ग्रॅममध्ये किती दाणे बसतात यावर प्रत ठरते: ५२ ते ६७ म्हणजे मोठा दाणा, ६८ ते ७५ मध्यम, ७६ ते १०५ लहान. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम तोलून मोजायला दोन मिनिटं लागतात. लहान दाणा हलका, तो जास्त उडतो. तुमच्या पॉपरचा पंखा जोरदार असेल तर मध्यम किंवा मोठा दाणा घ्या.

शेंगदाणी

तोंडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा जाळी लावली तर?

तिरकीखाच

नको. बाहेर जाणारी वाट अडली की लाह्या आत तुंबतात, हवेचा प्रवाह मंदावतो आणि आतलं तापमान चढतं. कलता धरणं आणि खोल भांडं, एवढं पुरतं. भांडं तोंडाला अगदी भिडवून ठेवा, म्हणजे उडालेला दाणाही भांड्यातच पडेल.

ओलावा१४

आता उरणाऱ्या दाण्यांबद्दल. @कुरकुरीत, तीन-चार महिने उघडं पाकीट, क्लिप लावलेली. दाणे सुकलेत, असाच माझा कौल आहे. सविस्तर लिहितो, कारण या धाग्यातला कळीचा मुद्दा हाच आहे असं मला मनापासून वाटतं. लोक पॉपर बदलतात, दाणे तेच ठेवतात आणि पुन्हा तीच तक्रार करतात.

पॉपकॉर्नचा मका ही मक्याची वेगळी जात आहे. तिची साल जाड आणि घट्ट असते, आत कडक काचेसारखा स्टार्च, आणि त्यात थोडंसं पाणी. दाणा तापतो तशी त्या पाण्याची वाफ होऊ लागते, पण साल तिला बाहेर जाऊ देत नाही. दाब वाढत जातो. गरम, दाबाखालच्या पाण्यात स्टार्च शिजून मऊ लगद्यासारखा होतो. साधारण १८० °से.ला आतला दाब वातावरणाच्या नऊ-दहा पट होतो, साल फाटते, वाफ एकदम प्रसरण पावते आणि मऊ स्टार्चचा फेस होऊन त्याच क्षणी गार पडून घट्ट होतो. ती लाही. २०१५ साली फ्रान्समधल्या दोन अभ्यासकांनी याची मोजणी केली होती: १७० °से.ला जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले आणि १८० °से.ला ९६ टक्के. दहा अंशांत एवढा फरक!

म्हणजे फुटण्यासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेसं पाणी आणि न गळणारी साल. पाण्याचं प्रमाण वजनाच्या १३.५ ते १४ टक्के असेल तर लाही सगळ्यात मोठी होते. ते ११-१२ वर उतरलं की दाब पुरेसा बनत नाही, गणंग वाढतात आणि फुटलेल्याही लहान राहतात. उलट १६ च्या पुढे गेलं तर साल मऊ पडून लवकर फाटते. लाही लहान, घट्ट आणि चिवट होते.

गणंग फेकण्याआधी हातात घेऊन बघा. बरंच सांगतात.

दाणा अगदी जसाच्या तसा, फक्त रंगाने थोडा गडद: पाणी कमी होतं, किंवा वाफ देठाकडच्या टोकातून हळूहळू निसटली. ते टोक हा सालीचा सगळ्यात कच्चा भाग.

दाणा एका बाजूला तडकून पांढरा ठिपका दिसतोय, पण फुललेला नाही: साल आधीच फुटकी होती. यात पाणी घालून काही उपयोग नाही, माल बदला.

दाणा काळपट, करपलेला: तो फिरलाच नाही. माप जास्त झालं किंवा एखादी खाच बुजली.

फुटलेली लाही बुटकी, कडा धारदार, चावायला चिवट: ओलावा जास्त.

सुकलेले दाणे परत आणता येतात, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. समजा ५०० ग्रॅम दाण्यांत ११ टक्के ओलावा आहे. म्हणजे ५५ ग्रॅम पाणी आणि ४४५ ग्रॅम कोरडा माल. १४ टक्के हवा असेल तर एकूण वजन ४४५ ÷ ०.८६ म्हणजे ५१७ ग्रॅम हवं. घालायचं पाणी १७ ग्रॅम. ५०० ग्रॅमला दर टक्क्यामागे साधारण ६ मिली, हे सूत्र लक्षात ठेवा.

पण आपल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र नसतं. म्हणून एकदम १७ मिली ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ५०० ग्रॅम दाणे घ्या. बरणी तीन चतुर्थांशच भरलेली असावी, म्हणजे हलवायला जागा राहते. ६ मिली पाणी घाला, झाकण लावा आणि पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला हलवा. सुरुवातीला दाणे काचेला चिकटतील. मग मोकळे होतील. दिवसातून दोनदा हलवत तीन-चार दिवस ठेवा. पाणी सालीतून आत मुरायला हा वेळ लागतोच, दुसऱ्या दिवशी घाई करून टाकले तर वरून ओले आणि आतून सुके असे दाणे पॉपरमध्ये जातात. मग १०० दाण्यांची चाचणी घ्या. गणंग कमी झाले, लाही मोठी झाली, तर दिशा बरोबर. अजून ६ मिली घालून पुन्हा बघा. लाही पुन्हा लहान आणि चिवट होऊ लागली तर एक पायरी मागे या. झाकण अर्धा दिवस उघडं ठेवलं की थोडा ओलावा उडतो.

१०० दाण्यांची चाचणी म्हणजे मोजून १०० अखंड दाणे बाकीच्या मापात मिसळायचे नाहीत, तर झाकणाच्या छोट्या कढईत एकेरी थराने वेगळे फोडायचे. पॉपरमध्ये १०० दाणे फार कमी होतात आणि उडून जातात, मग मोजणी चुकते. ४-५ उरले तर माल उत्तम. १० च्या वर उरले तर ओलावा किंवा साल यात काहीतरी बिघाड आहे.

खारेदाणे

दाणे फ्रिजमध्ये ठेवले तर ताजे राहतात ना?

ओलावा१४

फ्रिजमधली हवा कोरडी असते. पाकीट नीट बंद नसेल तर दाणे तिथे बाहेरपेक्षा लवकर सुकतात. फ्रिज नको, सावलीतली घट्ट झाकणाची बरणी हवी. मोठं पाकीट घेतलं तर दोन बरण्यांत विभागा आणि एक अजिबात उघडू नका. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली हवा बदलते, आणि अर्ध्या रिकाम्या बरणीत ती हवा बरीच असते.

कुरकुरीत

गणंग तपासले. बहुतेक जसेच्या तसे, गडद रंगाचे. म्हणजे पाणी कमी. आज ६ मिली घालून बरणी ठेवली.

पॉपर आधी रिकामा तापवून मग दाणे टाकावेत असंही वाचलं. खरं का?

भट्टीदार

हो, मी तापवण्याच्या बाजूचा आहे. कारण देतो. दाणा सावकाश तापला तर वाफेला देठाच्या टोकातून निसटायला वेळ मिळतो आणि दाब बनायच्या आधीच पाणी जातं. गार भांड्यात टाकलेले दाणे पहिली ३०-४० सेकंद भांड्यासोबत तापतात. तेच ३० सेकंद पॉपर रिकामा चालवून मग दाणे टाकले की उष्णता लगेच मिळते. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला येतो असा ज्यांचा अनुभव आहे, त्याचं कारण हेच.

मोजूनमापून

इथे थोडी असहमती. तत्त्व बरोबर, पण सरसकट सल्ला म्हणून चालणार नाही. कित्येक पॉपरच्या पुस्तिकेत रिकामा चालवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आत दाणे नसले की हवेला अडथळा राहत नाही, उष्णता शोषणारं काही नसतं, आणि झाकणाचं प्लॅस्टिक थेट गरम झोतात येतं. दुसरं म्हणजे चालू पॉपरचं झाकण काढून दाणे ओतायचे म्हणजे हात त्या झोतात. आणि अति झपाट्याने तापवलं तरी तोटा आहेच: बाहेरचा भाग तयार होतो पण गाभ्यातला स्टार्च शिजलेला नसतो, मग लाहीच्या मधोमध कडक गाठ राहते.

दाण्यांत ओलावा योग्य असेल तर गार सुरुवातीनेही चांगला घाणा निघतो. आधी बरणी सुधारा. तरी फरक बघायचाच असेल तर पुस्तिकेत मनाई नाही ना हे पाहून, २०-३० सेकंदच, आणि बटण बंद करून मगच दाणे ओता.

भट्टीदार

बंद करून ओतायचं हे मान्य. ते लिहायला हवं होतं.

वायरमन

विजेच्या बाजूने काही गोष्टी राहिल्यात.

१२०० वॅटचा पॉपर २३० व्होल्टवर साधारण ५.२ अँपिअर घेतो, १२० व्होल्टच्या देशांत १० अँपिअर. म्हणून बारीक वायरचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड नको. प्लग किंवा वायर हाताला गरम लागली तर लगेच बंद करा, सॉकेट सैल आहे किंवा वायर कमी पडतेय.

व्होल्टेज कमी असेल तर परिणाम वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर १२०० वॅटची कॉइल साधारण ९०० वॅटच देते. पंखाही हळू फिरतो, म्हणून हवेचं तापमान तेवढं पडत नाही, पण दाणे नीट फिरत नाहीत. एका ठरावीक वेळी घाणा बिघडतो आणि इतर वेळी ठीक येतो, असं असेल तर आधी व्होल्टेज तपासा.

पंखा चालतो पण हवा गरम नाही: बहुधा थर्मल फ्यूज उडालाय किंवा कॉइल तुटलीय. थर्मोस्टॅटने बंद केलं असेल तर गार झाल्यावर आपोआप सुरू होतं, थर्मल फ्यूज एकदा उडाला की बदलावाच लागतो.

हवा गरम पण पंखा हळू, किंवा आवाज खरखरीत: बहुधा मोटरच्या शाफ्टवर फोलपट अडकलंय, नाहीतर बेअरिंग सुकलंय.

पंखा अजिबात फिरत नाही आणि आत लाल दिसतंय: तत्काळ प्लग काढा. पुन्हा लावून "बघू" नका.

थर्मल फ्यूजच्या जागी साधी वायर जोडून पॉपर चालू करण्याचे प्रकार दिसतात. कृपा करून करू नका. पंखा थांबला तर कॉइलला थांबवणारी शेवटची गोष्ट तोच फ्यूज असतो. फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा हवा, आणि तो बसवताना सोल्डरची उष्णता त्याला लागली तर तो तिथेच उडतो. म्हणून तो दाबून बसवायच्या स्लीव्हने जोडतात. हे काम जाणकाराकडून करून घ्या.

आणखी एक: काही पॉपरमध्ये हवा कडेच्या खाचांतून न येता बुडाच्या जाळीतून सरळ वर येते. त्यात सालीचे तुकडे जाळीतून थेट कॉइलवर पडतात. जळका वास येत असेल तर तेच कारण. कडेच्या खाचांचा पॉपर घेणं केव्हाही चांगलं.

शेंगदाणी

साफसफाई कशी करायची?

वायरमन

प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, उलटा करून हलकेच थोपटा, म्हणजे फोलपटं गळतील. खाचा कोरड्या मऊ ब्रशने. भांडं किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. यंत्र पाण्यात बुडवायचं नाही, नळाखाली धरायचं नाही. झाकण आणि वाटी तेवढी धुवा आणि पूर्ण सुकवूनच बसवा.

खारेदाणे

मिठाकडे येऊया, माझा आवडता विषय.

तेलात फोडलेल्या लाहीवर तेलाचा पातळ थर असतो, मीठ त्याला धरतं. हवेवर फोडलेली लाही पूर्ण कोरडी असते. जाडं मीठ तिच्या वळणांवरून घरंगळून तळाशी जातं. म्हणून दोन बदल करायचे: मीठ बारीक करायचं आणि लाहीला धरायला काहीतरी द्यायचं.

साधं मीठ मिक्सरच्या छोट्या भांड्यात पिठीसाखरेसारखं होईपर्यंत फिरवा. झाकण लगेच उघडू नका, धूळ नाकात जाते. हे मीठ कोरड्या डबीत महिनोन्महिने टिकतं. बारीक मीठ जिभेवर पटकन विरघळतं, म्हणून कमी लागतं. ६० ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना पाऊण ते एक ग्रॅम पुरतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण सहावा भाग.

तेल ५ मिली. एक चमचा तेल धारेने ओतलं तर चार लाह्या भिजतात आणि बाकीच्या कोरड्याच राहतात. तुषाराची बाटली असेल तर निम्म्या लाह्यांवर फवारा, मीठ भुरभुरा, भांडं हलवा, उरलेल्या लाह्या घालून पुन्हा तेच. बाटली नसेल तर मोठ्या रिकाम्या भांड्याच्या आतल्या बाजूला बोटांनी तेल चोपडा, लाह्या ओता, झाकण ठेवून दहा-बारा वेळा उसळवा. प्रत्येक लाही कडेला घासते आणि थोडं थोडं तेल उचलते. हे सगळं लाह्या गरम असताना, पण वाफ निघून गेल्यावर. ५ मिली तेलाचे साधारण ४० कॅलरी होतात. कमी तेलाच्या हेतूने पॉपर घेतलेल्यांनाही हे चालण्यासारखं आहे.

पाण्याचा तुषार मारून मीठ चिकटवायचा सल्ला कुठे कुठे दिसतो. लाही पाणी लागल्या जागी लगेच आक्रसते. नको.

लोण्याचंही तेच. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं. नुसतं वितळवून ओतलं तर लाह्या मऊ पडतात. मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ठेवून पाणी उडवा, मग गाळून घाला. थोडक्यात तूप करून घाला. झाकणावरच्या वाटीत लोणी ठेवलं की ते वितळतं, पण त्यातलं पाणी उडत नाही. शिवाय वाटी काठोकाठ भरली असेल तर लोणी आत ओघळतं. ती वाटी मापासाठीच वापरावी, या मताचा मी आहे.

मसाला घालायचा असेल तर तोही वस्त्रगाळ हवा. जाडा कण चिकटत नाही, मग ते मीठ असो की मिरपूड.

ओलावा१४

@खारेदाणे, "वाफ निघून गेल्यावर" हे शब्द ठळक करायला हवेत. ६० ग्रॅम दाण्यांत १४ टक्क्यांनी ८ ग्रॅमच्या वर पाणी असतं. त्यातलं बरंचसं दोन मिनिटांत वाफ होऊन बाहेर येतं. उभट भांड्यात वरून झाकण ठेवलं तर ती वाफ गार होऊन लाह्यांवरच बसते आणि सगळं सादळतं. पसरट भांडं घ्या, एक-दोन मिनिटं उघडं ठेवा, एकदा हाताने वरखाली करा, मग तेल-मीठ. सादळलेल्या लाह्या १०० ते १२० °से.च्या ओव्हनमध्ये पसरून पाच मिनिटं ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. तेल-मीठ लावण्याआधी केलं तर जास्त चांगलं. उरलेल्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

गोडघाशी

साखरेचा पाक लावायचा तर? आणि दातात अडकणाऱ्या सालींवर काही उपाय?

मोजूनमापून

पाक वेगळ्या भांड्यात करायचा, आधी फोडून ठेवलेल्या लाह्यांवर ओतायचा. त्याआधी गणंग वेचणं फार महत्त्वाचं, कारण पाकात घट्ट बसलेला गणंग दात तोडू शकतो. भांड्याऐवजी मोठ्या भोकांच्या चाळणीत लाह्या घेऊन हलवा, दाणे आणि फोलपटं खाली पडतात.

लाहीचे दोन आकार असतात. एक फुलपाखरासारखा, पंख फुटलेला. हा नाजूक, तोंडात विरघळतो, पण पाक ढवळताना तुटतो. दुसरा अळंबीसारखा गोल. हा मजबूत, पाकासाठी योग्य. आकार मुख्यतः बियाण्याच्या वाणावर ठरतो, त्यामुळे पाकासाठी पाकिटावर तसा उल्लेख असलेला दाणा घ्या.

साल प्रत्येक लाहीत असतेच. "साल नसलेला" म्हणून विकला जाणारा दाणा म्हणजे बारीक तुकड्यांत फुटणारी पातळ साल. लहान दाण्याच्या वाणात ती कमी जाणवते. म्हणजे @तिरकीखाच यांच्या सल्ल्याशी इथे ओढाताण आहे: लहान दाणा खायला छान, पण उडतो जास्त. लहान दाणा वापरायचा तर कलता धरण्याला पर्याय नाही.

पाक लावलेल्या असोत की साध्या, चार वर्षांखालच्या मुलांना लाह्या देऊ नका. लाही आणि गणंग दोन्ही श्वासनलिकेत अडकू शकतात.

भट्टीदार

विषयाला धरून एक विचारतो: याच पॉपरमध्ये कॉफीच्या हिरव्या बिया भाजतात, ते कितपत योग्य?

वायरमन

भाजतात, पण कडेच्या खाचांच्याच पॉपरमध्ये. बियांचं फोलपट भरपूर उडतं, बुडाला जाळी असेल तर ते कॉइलवर पेटू शकतं. आणि भाजणी चार-पाच मिनिटं किंवा जास्तच चालते. पॉपर दोन-तीन मिनिटांच्या कामासाठी बनलेला असतो. ज्यात कॉफी भाजली त्यात नंतर लाह्या नकोत, वास जात नाही. यासाठी स्वतंत्र धागा काढा, सविस्तर लिहीन.

कुरकुरीत

चार दिवस झाले. पॉपर कलता धरला, दाणे चाळले, बरणीतले ६ मिली मुरलेले. उडालेले चार, उरलेले सात. लाही डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी. अजून ६ मिली घालू का? आणि आधीच्या घाण्यांतले गणंग जमा करून ठेवलेत, त्यांना पाणी घालून पुन्हा फोडता येईल का?

ओलावा१४

६ नको, ३ मिली घालून पुन्हा चार दिवस. आता जवळ आला आहात, एकदम मोठी पायरी घेतली तर पलीकडे जाल.

जमवलेल्या गणंगांवर वेळ घालवू नका. ते एकदा १८० अंशांच्या आसपास जाऊन आलेत. आतलं पाणी गेलंय, स्टार्च एकदा तापून गार झालाय, आणि वाफ ज्या टोकातून निसटली ते टोक अजून गळकंच आहे. पाणी मुरवलं तर काही फुटतील, पण लहान आणि कडक. आणि हे दाणे चुकूनही चांगल्या बरणीत मिसळू नका, नाहीतर पुढच्या १०० दाण्यांच्या चाचणीचा आकडा कशामुळे बिघडला ते कळणार नाही.